इंजिनरूम ते कंट्रोलरूम

भारतीय सैन्यदलांतून दर वर्षी सुमारे 60,000 जण निवृत्त होतात. त्यांतले बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात, घराचे कर्ज फिटायचे असते, मुलांची शिक्षणे व्हायची असतात. या साठ हजारांत एक गट असा आहे, ज्याच्या हातातले कसब देशाला रोज लागते. नौदलाच्या जहाजांवर बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर सांभाळलेले सेलर व आर्टिफिसर, लष्कराच्या ईएमई विभागातले विद्युत आणि यांत्रिक कारागीर, वायुदलातले तंत्रज्ञ. औष्णिक वीजकेंद्रातही बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटरच असतात. तरीही महाराष्ट्रातल्या वीजकेंद्रात माजी सैनिक शोधायला गेलात, तर तो बहुधा फाटकावर, सुरक्षारक्षकाच्या गणवेशात भेटेल. पहाऱ्याचे काम हलके आहे असे माझे म्हणणे नाही. पण पंधरा-वीस वर्षे वाफेची यंत्रणा सांभाळलेला माणूस फाटकाच्या बाहेर आणि आत कंट्रोलरूममध्ये अनुभवी माणसांची ओढाताण, ही स्थिती बरी नव्हे. यावर दोन तयार मते ऐकू येतात. पहिले म्हणते, सैनिक शिस्तीचा असतो, राखीव जागा भरा आणि त्याला सरळ आत घ्या. दुसरे म्हणते, युद्धनौका वेगळी आणि वीजकेंद्र वेगळे, तो अनुभव इथे कामाचा नाही. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. सैन्यातला अनुभव वीजकेंद्रात फार उपयोगी पडतो, मात्र तो आपोआप उतरत नाही. त्या विशिष्ट केंद्रावरचे नवे प्रशिक्षण आणि कडक परीक्षा यांतून गेल्यावरच तो उतरतो. आपल्याकडे नेमका हा मधला टप्पाच बांधलेला नाही.

आधी हे कसब काय आहे ते पाहू. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौका भारतीय नौदलात अनेक दशके होत्या. 2017मध्ये निवृत्त झालेली ‘विराट’ वाफेवर चालायची, ‘ब्रह्मपुत्रा’ वर्गाच्या फ्रिगेट वाफेच्याच, आणि ‘विक्रमादित्य’वर आठ बॉयलर आहेत. अशा जहाजाच्या बॉयलररूममध्ये पाळीवर असलेला सेलर चार तास उष्म्यात उभा राहून ड्रममधल्या पाण्याची पातळी डोळ्यांनी आणि कानांनी राखतो. पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासवर पूर्ण विश्वास ठेवायचा नसतो. ती काच ठरावीक वेळाने फुंकून, पाणी खरोखर परत चढते की नाही ते पाहून मगच तिचे म्हणणे खरे मानायचे. पातळी खाली गेली तर नळ्या जळतात, वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाते आणि पाती तुटतात. कंडेन्सर समुद्राच्या पाण्याने थंड होतो. त्याची एखादी नळी पाझरली, तर खारे पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात मिसळते. म्हणून पाण्याचा नमुना काढून त्यातले क्लोराइड तपासणे हे नेमाचे काम असते. प्रत्येक तासाचे आकडे लॉगमध्ये लिहायचे, मागच्या तासाशी ताडून पाहायचे, आणि बेअरिंगचे तापमान दोन अंशांनी चढले तरी पुढच्या पाळीला ते सांगूनच जायचे. तुर्भे आणि तारापूर या समुद्रकाठच्या केंद्रांत कंडेन्सर समुद्राच्याच पाण्यावर चालतात आणि तिथल्या रसायनशाळेची पहिली चिंताही हेच क्लोराइड असते. यंत्र चालू असताना त्याच्याकडे सतत संशयाने पाहण्याची ही सवय शाळेत शिकवून येत नाही. ती रात्रीच्या पाळ्यांनी अंगात मुरते, आणि वीजकेंद्राला सगळ्यात दुर्मीळ असलेली गोष्ट हीच आहे.

ही सवय जहाजावरून जमिनीवर नेण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना प्रयोग अमेरिकेत झाला, आणि या प्रश्नाचा आढावा घेताना तिथे जावेच लागते. अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी जानेवारी 1955मध्ये अणुशक्तीवर समुद्रात निघाली. तिच्या पाठोपाठ 1957 साली पेनसिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्ट इथे वीजनिर्मितीसाठीचे अणुकेंद्र सुरू झाले, तेही रिकोव्हर यांच्याच नौदल गटाच्या रचनेचे. म्हणजे तिथे नागरी अणुवीज नौदलाच्या पोटीच जन्मली. दाबाखालच्या साध्या पाण्यावर चालणारी अणुभट्टी पाणबुडीत होती, तीच मोठी होऊन जमिनीवर आली. साहजिकच ती चालवायला माणसेही नौदलातून आली. नौदलाचे अणुप्रशिक्षण भलतेच कठोर आहे. सुमारे सहा महिने वर्गात भौतिकशास्त्र, उष्णतागतिकी, रसायन आणि किरणोत्सर्ग, मग सुमारे सहा महिने प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या खऱ्या अणुभट्टीवर काम. प्रत्येक यंत्रणा तोंडी परीक्षा देऊन एकेक सही मिळवत पार करायची. पंचविशीतला तरुण हे सगळे करून, वर काही वर्षे समुद्रात पाळ्या करून बाहेर पडला, की वीज कंपन्या त्याला हातोहात घेत. त्याला अणुभट्टी नवी नव्हती, रात्रपाळी नवी नव्हती आणि लेखी कार्यपद्धतीचाही कंटाळा नव्हता. सत्तर वर्षे ही वाट वाहती आहे.

पण याच वाटेवर 28 मार्च 1979ची पहाटही आहे, आणि सैनिकांना सरळ आत घ्या म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचायला हवी. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये पहाटे चारच्या सुमारास फीड पंप बंद पडले, टर्बाइन ट्रिप झाले, काही सेकंदांत अणुभट्टीही बंद झाली. दाब कमी करण्यासाठी उघडलेली झडप मात्र परत मिटलीच नाही. पॅनेलवरचा दिवा सांगत होता की झडप मिटली. प्रत्यक्षात तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता, मिटण्याचा आदेश गेला एवढेच दाखवत होता. उघड्या झडपेतून थंड ठेवणारे पाणी निघून जात राहिले. त्याच वेळी प्रेशरायझर या दाब राखणाऱ्या टाकीतली पातळी चढत होती. ती पाहून ऑपरेटरांनी आपोआप सुरू झालेले आपत्कालीन पाणी कमी केले. गाभ्यात पाणी कमी पडत असताना त्यांनी पाण्याचा पुरवठाच आवळला. झडपेच्या आधीची दुसरी झडप बंद व्हायला दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. त्या पाळीवरचे चौघेही नौदलाच्या अणुकार्यक्रमातून आलेले होते. नौदलात त्यांच्या मनावर एक नियम कोरला गेला होता: प्रेशरायझर कधीही पाण्याने पूर्ण भरू द्यायचा नाही, कारण मग दाबावरचा ताबा सुटतो. पाणबुडीच्या लहान अणुभट्टीत हा नियम रास्त आहे. तिथे भट्टी बंद झाल्यावर उरणारी उष्णता थोडी असते. इथे भट्टी सुमारे 2,770 मेगावॉट औष्णिक क्षमतेची होती. अशी भट्टी बंद होते त्या क्षणीही तिच्या क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते, म्हणजे आपल्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीच्या 83 मेगावॉटच्या अणुभट्टीच्या पूर्ण शक्तीच्या दुप्पट. त्या चौघांनी निष्काळजीपणा केला नाही. ते आपल्याला शिकवलेल्या नियमाशी प्रामाणिक राहिले. नियम मात्र दुसऱ्या यंत्राचा होता.

अध्यक्ष कार्टर यांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कार्टर स्वतः रिकोव्हर यांच्या हाताखाली नौदलात काम केलेले होते, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे. आयोगाने दोष केवळ यंत्रांत नाही तर माणसांच्या तयारीत, पर्यवेक्षणात आणि संस्थांच्या वागण्यात पाहिला. प्रशिक्षण नेहमीच्या चालनापुरते होते, अपघाताच्या गुंत्यासाठी नव्हते. दीड वर्ष आधी, सप्टेंबर 1977मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात जवळजवळ अशीच झडप उघडी राहिली होती. तिथे नुकसान टळले, पण ती शिकवण थ्री माइल आयलंडच्या पाळीपर्यंत पोहोचलीच नाही. यानंतर जे झाले ते माझ्या दृष्टीने या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. अमेरिकेने नौदलातली माणसे घेणे थांबवले नाही. उलट डिसेंबर 1979मध्ये वीज कंपन्यांनी मिळून उभारलेल्या ‘इन्पो’ या संस्थेचे पहिले प्रमुख झाले ते निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल यूजीन विल्किन्सन, ‘नॉटिलस’चे पहिले कमांडिंग ऑफिसर. बदलली ती मधली पायरी. ऐंशीच्या दशकात प्रत्येक केंद्राच्या कंट्रोलरूमची हुबेहूब नक्कल असलेले सिम्युलेटर आले, ऑपरेटरांना त्यांच्याच केंद्रासाठी परवाना, त्यासाठी लेखी परीक्षा आणि सिम्युलेटरवरची परीक्षा, आणि परवाना मिळाल्यावरही ठरावीक काळाने फेरप्रशिक्षण. नौदलातल्या ठरावीक पदांचा अनुभव अर्जासाठी धरला जातो, परीक्षा मात्र त्याने माफ होत नाही. एका केंद्रात काय बिघडले ते इतरांना कळवण्याची व्यवस्थाही याच काळात पक्की झाली. आधीचा अनुभव हा प्रवेश सोपा करतो, परवाना देत नाही, हा फरक त्या देशाला मोठी किंमत मोजून कळला.

आता आपल्याकडे. अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा उचलणारे पहिली चूक अणुवीजकेंद्रांबाबत करतात. 2047पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज हे केंद्र सरकारने 2025च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेले उद्दिष्ट पाहून, पाणबुडीतले लोक आता अणुकेंद्रात जातील, असे सहज बोलले जाते. आपल्या अणुपाणबुड्या मोजक्या आहेत, ‘अरिहंत’ 2016मध्ये आणि ‘अरिघात’ ऑगस्ट 2024मध्ये दाखल झाली, त्यामुळे त्यांच्या अणुभट्ट्या हाताळलेली माणसेही मोजकीच. शिवाय पाणबुडीत दाबाखालचे साधे पाणी आणि समृद्ध युरेनियम आहे, तर आपली बहुतेक अणुकेंद्रे नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात आणि चालू भट्टीतच इंधन बदलतात. तारापूरच्या 1969च्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या, तिसरी-चौथी जड पाण्याच्या. साध्या पाण्याची दाबभट्टी मुख्यतः कुडनकुलमला आहे. अमेरिकेत जहाज आणि केंद्र एकाच घराण्यातले होते, आपल्याकडे ते तसे नाहीत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवाना पद्धतीत कंट्रोलरूमच्या माणसाला पायरीपायरीने चढावे लागतेच, आणि तिथे नौदलातून आलेल्यालाही पहिल्या पायरीवरून सुरुवात करणे योग्य आहे. म्हणून या दशकात संधी शोधायची ती मुख्यतः कोळशाच्या, वायूच्या आणि जलविद्युत केंद्रांत. चंद्रपूर 2,920 मेगावॉट, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, नाशिक, पारस. एनटीपीसीची मौदा आणि सोलापूर. तिरोड्याचे 3,300 मेगावॉटचे खासगी केंद्र. उरणचे वायूवरचे केंद्र आणि 1,960 मेगावॉटचे कोयना. नौदल आता वाफेकडून गॅस टर्बाइनकडे वळले आहे, 2022मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रांत’वर चार गॅस टर्बाइन आहेत. त्यामुळे उरणसारख्या केंद्रांना पुढच्या काळात नौदलातून अधिक जवळची माणसे मिळू शकतात.

कोळशाच्या केंद्रांतही थ्री माइल आयलंडसारखी फसगत होऊ शकते, फक्त तिचे रूप वेगळे असेल. जहाजाचा बॉयलर तेल जाळतो. इथे कोळसा मिलमध्ये पिठासारखा दळून हवेबरोबर भट्टीत फुंकतात, आणि आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. मिलला आग लागणे, राखेचे गोळे भिंतीला चिकटणे, खालचा हॉपर तुंबणे, ही संकटे समुद्रावर कुणी पाहिलेली नसतात. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारच्या 500 मेगावॉट युनिटमध्ये राख साचल्यानंतर युनिट चालू ठेवून ती काढण्याचे प्रयत्न चालू असताना स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. दुसरी गोष्ट ड्रमची. नौदलाच्या बॉयलरवाल्याचे सारे पुण्य ड्रमच्या पातळीत साठलेले असते, पण कोराडीच्या 660 मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल युनिटांत ड्रमच नाही. पाण्याचा दाब 221 बारच्या वर गेला की पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. तिथे फीड वॉटर आणि इंधन यांचे प्रमाण सांभाळणे हाच मुख्य खेळ असतो. तिसरा फरक आज्ञेचा. जहाजावर वेग वाढवायचा हुकूम ब्रिजवरून येतो आणि इंजिनरूम तो जमेल तसा नव्हे, ताबडतोब पाळते. वीजकेंद्रात भार राज्य भार प्रेषण केंद्राच्या वेळापत्रकाने बदलतो, ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवायची असते, आणि जाड भिंतीच्या नळ्यांचा मोठा बॉयलर घाईने तापवला तर धातू थकतो. घाईची सवय इथे घातक ठरते. हे फरक मान्य केले म्हणजे ‘तो अनुभव कामाचा नाही’ हे मत सिद्ध होत नाही. राख, मिल आणि भार वेळापत्रक ही शिकता येण्यासारखी माहिती आहे. रात्री तीन वाजता गेजवर अविश्वास दाखवून स्वतः जाऊन पाहण्याची वृत्ती माहितीसारखी सहा महिन्यांत देता येत नाही. ज्याच्याकडे दुसरे आहे त्याला पहिले शिकवणे स्वस्त पडते.

मग अडते कुठे? बरेचसे कागदावर अडते. 1923च्या बॉयलर कायद्याने लष्कर, नौदल आणि वायुदलाच्या ताब्यातले बॉयलर आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. सैन्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. त्या कायद्याच्या जागी 2025मध्ये नवा कायदा आला. पण त्या जुन्या सवलतीचा परिणाम असा की समुद्रावर बॉयलर चालवणाऱ्याला बॉयलर अटेंडंटचे किंवा बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचे नागरी प्रमाणपत्र कधी लागलेच नाही, आणि जमिनीवर त्यावाचून चालत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा-नियम वीजकेंद्राच्या अभियंता-पर्यवेक्षकांकडून अभियांत्रिकीची पात्रता मागतात, तंत्रज्ञांकडून योग्य ट्रेडचे आयटीआय प्रमाणपत्र मागतात, आणि दोघांसाठी केंद्राच्या कामाचे ठरावीक प्रशिक्षण बंधनकारक करतात. हे नियम सैल करावेत असे मी म्हणणार नाही. उंचाहारनंतर तसे म्हणणे गुन्हा होईल. सैन्यातल्या ट्रेडची नागरी ट्रेडशी बरोबरी ठरवणाऱ्या सरकारी याद्याही आहेत. पण भरतीच्या जाहिरातीत ‘आयटीआय, वायरमन किंवा फिटर’ एवढेच छापलेले असते, ऑनलाइन अर्जात दुसरा पर्याय नसतो, आणि छाननी करणाऱ्या कारकुनाला ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग, लीडिंग रेट’ म्हणजे काय ते ठाऊक नसते. राखीव जागांची गोष्टही इथेच अडते. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये साडेचौदा टक्के आणि गट ड मध्ये साडेचोवीस टक्के जागा माजी सैनिकांना राखीव आहेत. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या 2021च्या आकडेवारीनुसार माहिती दिलेल्या उपक्रमांत गट क मधले माजी सैनिक सव्वा टक्क्याच्याही आत होते, गट ड मधले अर्ध्या टक्क्याच्याही आत. महाराष्ट्रात पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे, पण योग्य उमेदवार मिळाला नाही की ती जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवाराला जाते. कोटा वाढवा ही मागणी म्हणूनच मला पटत नाही. असलेला कोटा रिकामा राहतो, कारण माणूस आणि जागा यांच्यामधली प्रमाणपत्राची पायरी कुणी घातलेली नाही.

या मताला चार आक्षेप येतात आणि त्यांतला पहिला सर्वांत वजनदार आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी इथे ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांच्या अंगणात राख पडते, त्या प्रकल्पग्रस्तांची मुले वर्षानुवर्षे प्रशिक्षणार्थी म्हणून राबत आहेत आणि कायम होण्याची वाट पाहत आहेत. कंत्राटी कामगारांचाही तसाच प्रश्न आहे. पेन्शन मिळणाऱ्या माणसाने त्यांच्या पुढे जावे का? जमीन गमावलेल्याचा हक्क आधीचा आहे आणि तो मोडून कुणालाही आत आणू नये, असे मी स्पष्टपणे म्हणतो. पण दोघांची जागा एक नाही. आयटीआय झालेल्या स्थानिक मुलाची भरती तंत्रज्ञाच्या पहिल्या पायरीवर होते. ज्याने पंधरा वर्षे पाळी सांभाळली, त्याचा उपयोग अनुभवी माणसांवाचून रिकाम्या राहिलेल्या मधल्या जागांवर, शिफ्टमधल्या पर्यवेक्षणात आणि प्रशिक्षकाच्या कामात आहे. स्थानिक मुलालाही कुणीतरी गेज ग्लास फुंकायला शिकवायला हवेच. दुसरा आक्षेप सैनिकी वृत्तीवर घेतला जातो: हुकूम मानणारा माणूस वरिष्ठाला प्रश्न विचारणार नाही, आणि अपघात तिथेच होतात. ही शंका खरी आहे, पण ती साऱ्या सैन्याला सारखी लागू नाही. इंजिनरूमच्या चांगल्या परंपरेत कनिष्ठातला कनिष्ठ सेलरही वाईट आकडा दिसला तर ओरडून सांगतो, आणि न सांगणाऱ्यालाच शिक्षा होते. त्या परंपरेतला माणूस युनिट बंद करण्याचा निर्णय घ्यायला कचरणार नाही. कचरेल तो, ज्याला उत्पादनाचे लक्ष्य चुकल्याबद्दल बोलणी खावी लागतात, मग तो कुठूनही आलेला असो. तो दोष सैनिकाच्या माथी मारता येत नाही.

वयाचा आक्षेप थोडक्यात सांगतो: अडतीसाव्या वर्षी नव्याने परीक्षा देणे जड जाते, हे खरे, पण सेवेतच दर पदोन्नतीला परीक्षा दिलेल्याला ते अशक्य नाही. चौथा आक्षेप काळाचा आहे. सौर आणि पवन ऊर्जा वाढत असताना कोळशाच्या केंद्रात माणसे का घालायची? सरकारची योजना 2031-32पर्यंत किमान 80 गिगावॉट नवी औष्णिक क्षमता वाढवण्याची आहे, तेव्हा येती वीस वर्षे तरी ही केंद्रे बंद होत नाहीत. उलट दुपारी सौरवीज आली की कोळशाचे युनिट खाली आणायचे आणि संध्याकाळी पुन्हा चढवायचे, हा रोजचा चढउतार वाढतो आहे. स्थिर भारावर चालण्यासाठी बांधलेल्या बॉयलरवर त्याने ताण येतो, आणि भार सतत बदलत असताना यंत्रावर लक्ष ठेवण्याचा सराव ज्याला आहे तो समुद्रावरून आलेला माणूसच आहे. कोळशापुढे कधी वायू, कधी पाणी साठवून वीज देणारे प्रकल्प, पुढे अणुकेंद्रे; पाळीवर जागा राहणारा माणूस सगळीकडे लागणार.

अग्निपथ योजनेने हा प्रश्न तातडीचा केला आहे. जून 2022मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम करायचे आहे. पहिल्या तुकड्यांची मुदत 2026च्या अखेरीपासून संपते. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये मिळतील, पेन्शन मिळणार नाही. पंधरा वर्षे सेवा केलेल्या सेलरला दुसरी नोकरी उशिरा मिळाली तरी घरात पेन्शन येते, या मुलांना तेवढाही आधार नाही. प्रशिक्षण वजा जाता साडेतीन वर्षांत माणूस पाळीवर एकट्याने उभे राहण्याइतका जेमतेम तयार होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो बाहेर पडतो. बावीस-चोविशीचा, तंत्र शिकलेला, रात्रपाळीची सवय असलेला. नागरी उद्योगासाठी याहून चांगला उमेदवार शोधणे कठीण आहे. सेवेच्या शेवटी त्यांना कौशल्य-प्रमाणपत्र देण्याचे सरकारने सांगितले आहे. ते प्रमाणपत्र सर्वसाधारण राहिले तर त्याचा उपयोग सुरक्षारक्षकाच्या अर्जापलीकडे होणार नाही, अशी मला धास्ती वाटते. तेच प्रमाणपत्र बॉयलर, टर्बाइन, पंप आणि विद्युत यंत्रणांवरच्या कामाच्या तासांसह, अधिकाऱ्यांच्या सह्यांसह असले आणि नागरी ट्रेडच्या नावाने दिलेले असले, तर भरतीची खिडकी ते नाकारू शकणार नाही.

ही पायरी बांधायला नवी संस्था लागत नाही. नौदलाचे सागरी अभियांत्रिकीचे प्रशिक्षण लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’वर 1945पासून चालू आहे. विद्युत तंत्रज्ञांचे शिक्षण जामनगरला ‘वालसुरा’त होते. नागपूरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठान आहे, तिथे औष्णिक केंद्राचे सिम्युलेटर आहेत, आणि त्याच शहराच्या वेशीवर महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे कोराडीचे प्रशिक्षण केंद्र. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधी सहा महिन्यांपर्यंतचे अभ्यासक्रम देतेच. त्यात नागपूरचा औष्णिक केंद्र-चालनाचा अभ्यासक्रम सिम्युलेटरवरच्या सरावासह आणि केंद्रावरच्या प्रत्यक्ष पाळ्यांसह बसवावा. बॉयलर परीक्षांच्या पात्रतेत सैन्यातल्या बॉयलरवरची वर्षे कशी मोजायची, हे केंद्राने नव्या कायद्याखालच्या नियमांत एकदाच स्पष्ट लिहावे. महानिर्मिती, एनटीपीसी आणि खासगी कंपन्यांनी जाहिरातीत आयटीआयच्या शेजारी समकक्ष सैनिकी ट्रेडची नावे छापावीत. शेवटची परीक्षा मात्र कुणालाही माफ करू नये, कारण थ्री माइल आयलंडचे चौघेही चांगलेच सैनिक होते.

ज्यांच्या सेवेची दोन वर्षे उरली आहेत अशा सेलर आणि जवानांना माझे सांगणे आहे: आपल्या कामाच्या नोंदी, पाळ्यांचे तास, चालवलेल्या यंत्रांची नावे आणि क्षमता आत्ताच लिहून अधिकाऱ्याची सही घेऊन ठेवा, आणि निवृत्तीआधीचा अभ्यासक्रम निवडताना जवळचा म्हणून सुरक्षेचा निवडू नका. महाराष्ट्र सरकारला सांगणे एवढेच की महानिर्मितीच्या पुढच्या भरतीची जाहिरात निघेल, तेव्हा माजी सैनिकांच्या जागांसमोर फक्त टक्केवारी नको, त्या जागांना कोणते सैनिकी ट्रेड चालतील त्यांची यादीही असू द्या.